सडा खरवडला तर झरा कुठून येणार?

शिराळकरांनो, स्पष्टच बोलतो. वारणेपलीकडं शाहूवाडीच्या सड्यावर बॉक्साइट खणलं. "वर नुसता कातळ, तिथं पिकतंय काय?" म्हणणारे आपल्यातही आहेत. अहो, तो जांभा म्हणजे स्पंज! पावसाचं पाणी त्यातून मुरतं, खालच्या चिकण थरावर अडतं, उतारावर झरा होऊन निघतं. खाणवाले नेमका हा वरचा थरच उचलतात. ॲल्युमिनियम त्यांचं. बॉक्साइटमधलं थोडं व्हॅनेडियमही कारखान्यात गाळातून निघतं (पोलादाला लागतं, फुकट नसतं). आपल्याला खड्डा! २०१२ ला चांदोली जागतिक वारसा यादीत गेली, पण हद्दीबाहेरच्या सड्याला कोण विचारतंय? उद्या आपल्याकडं जनसुनावणी लागली, तर मी एवढंच म्हणणार: आधी जुना खड्डा बुजवलेला दाखवा, मग नव्याचं बोला.