शस्त्रक्रिया एकाची, पथ्य घराचे

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून माणूस घरी येतो, तेव्हा त्याच्या फायलीत एक छापील आहारतक्ता असतो. आधी पातळ पदार्थ, मग गुरगुट्या भातासारखे मऊ अन्न आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे जेवण, असे टप्पे त्यात नीट लिहिलेले असतात. हे जेवण कोण शिजवणार, ते किती वाजता ताटात पडणार आणि ‘एवढेसेच?’ असे विचारणाऱ्या सासूला किंवा आईला काय सांगायचे, हे मात्र त्या तक्त्यात नसते. शस्त्रक्रियेचे यश पुष्कळदा याच न लिहिलेल्या भागावर ठरते.

ही शस्त्रक्रिया उपयोगी आहे, याविषयी आता वाद उरलेला नाही. ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’त जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. ‘गॅस्ट्रिक बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. भूक आणि तृप्तीची संप्रेरकेही त्यामुळे बदलतात. मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणे या तक्रारी अनेकांच्या बाबतीत कमी होतात. स्वीडनमधील दीर्घ अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी आढळले, हे २००७ मध्येच प्रसिद्ध झाले आहे. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी तर आशियाई लोकांसाठी २७.५ बीएमआयपासूनच या उपचाराचा विचार करावा, असे म्हटले आहे. म्हणजे हा प्रश्न यापुढे अधिकाधिक घरांत येणार आहे.

आधी ताटाकडे पाहू. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात. ती कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये साधारण अठरा, तर पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम चार-पाच ग्रॅम प्रथिने मिळतात. एका वेळी वाटीभर अन्नही जड जाते, तेव्हा पोळी-भाताने सुरुवात केली तर प्रथिनांना जागाच उरत नाही. म्हणून आधी डाळ, उसळ, अंडे, मासे किंवा पनीर आणि मग जागा उरली तर पोळी-भात, असा क्रम ठेवावा लागतो. पाणीही जेवताना नाही, साधारण अर्ध्या तासाच्या अंतराने. आपल्या नेहमीच्या जेवणाच्या रीतीपेक्षा ही रीत अगदी वेगळी आहे.

बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आयुष्यभराच्या असतात. लोह आणि कॅल्शियम यांच्यात किमान दोन तासांचे अंतर हवे, आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर तिचा फारसा उपयोग होत नाही. पण वजन उतरले, चेहरा हसरा झाला की ‘आता कशाला गोळ्या?’ असे घरातलेच कोणी तरी म्हणते. शरीरातला बी-१२ चा साठा संपायला वेळ लागतो, त्यामुळे लगेच काही बिघडतही नाही. हाता-पायांना मुंग्या, धाप, चालताना तोल जाणे ही लक्षणे पुढे कधी तरी उगवतात, आणि तेव्हा त्यांचा संबंध जुन्या शस्त्रक्रियेशी कोणी जोडत नाही. मुळात शाकाहारी असलेल्यांना हा धोका अधिक. सतत उलट्या होत असतील तर मात्र तातडीने रुग्णालय गाठावे. बी-१ च्या कमतरतेने मेंदूला इजा होते आणि ती काही वेळा भरून येत नाही.

आता हा क्रम आणि या वेळा पाळायच्या कोणी? आपल्याकडे अनेक घरांत बाई शेवटी जेवते. सगळ्यांची पाने झाल्यावर उरलेली पोळी, तळाचे वरण आणि संपत आलेली उसळ हे तिचे ताट. शस्त्रक्रिया झालेल्या बाईने दर दोन-तीन तासांनी थोडे, सावकाश, प्रथिने आधी घेऊन खावे, असे तक्ता सांगतो. सगळ्यांच्या आधी ताट घेऊन बसणारी सून किती घरांना चालते? तिच्यासाठी वेगळे अंडे किंवा पनीर आणले तर ‘तिचे लाड’ होतात. चतुर्थीला ती साबुदाण्याची खिचडी खाते, त्यात प्रथिने नाममात्र. तपासणीत तिचे हिमोग्लोबिन घसरलेले दिसले की ‘पथ्य पाळत नाही’ असा शेरा पडतो. पथ्य पाळण्याची मुभा तिला होती का, हे सहसा कोणी विचारत नाही.

पुरुषाची अडचण वेगळी. आपल्याकडे आग्रह हीच माया. श्रीखंडाची वाटी किंवा जिलेबी नाकारली की वाढणाऱ्याचा अपमान होतो. बायपासनंतर असे गोड पोटात गेले तर धडधड, घाम, पोटात कळा आणि जुलाब होऊ शकतात. याला ‘डम्पिंग’ म्हणतात. दारूचाही तोच प्रकार. बायपासनंतर ती लवकर आणि जास्त चढते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात बायपासनंतरच्या दुसऱ्या वर्षी दारूच्या व्यसनाचे प्रमाण वाढलेले दिसले. ‘एकच घे’ म्हणणाऱ्या मित्राला हे माहीत नसते.

नवरा-बायकोच्या नात्यावरही याचा परिणाम होतो. २०१८ मध्ये ‘जामा सर्जरी’ या नियतकालिकात स्वीडनमधील रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर विवाहित किंवा जोडीदारासोबत राहणाऱ्यांमध्ये वेगळे होण्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त होते. एकट्या असलेल्यांची लग्ने जुळण्याचे प्रमाणही जास्त होते. स्वीडनचा समाज वेगळा आहे आणि तिथेही बहुतेक नाती टिकलीच. पण वजन उतरले की माणसाचा आत्मविश्वास, कपडे, बाहेर जाणे-येणे बदलते, आणि घरातल्या जुन्या भूमिका हलतात, हे आपल्याकडेही खरे आहे. एकाला मोकळे वाटू लागते, दुसऱ्याला असुरक्षित. ‘आजकाल फार नटतेस’ हे वाक्य त्या असुरक्षिततेतूनच येते. काही नाती तुटतात ती मुळातच अपमानावर उभी होती म्हणून. त्याचे खापर शस्त्रक्रियेवर फोडू नये. पण जी नाती चांगली आहेत, ती निव्वळ अज्ञानाने ताणली जाऊ नयेत.

सर्वांत नाजूक मुद्दा मूल होण्याचा. वजनामुळे पाळी अनियमित असलेल्या तरुणीला शस्त्रक्रियेनंतर लवकर दिवस जाऊ शकतात. मात्र पहिले १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी, असा सल्ला आहे. या काळात वजन झपाट्याने उतरत असते आणि बाळाच्या वाट्याला पुरेसे पोषण येईलच असे नाही. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्याही नीट शोषल्या जात नाहीत, त्यामुळे दुसरा उपाय निवडावा लागतो. हे नवऱ्याला कोण सांगणार? ‘आता तरी गोड बातमी द्या’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना कोण थोपवणार? ही जबाबदारी एकट्या तिच्यावर टाकणे अन्याय आहे.

म्हणून काही गोष्टी सल्ला म्हणून नव्हे, तर उपचाराचा भाग म्हणून व्हायला हव्यात. शस्त्रक्रियेपूर्वी रक्ततपासणी होते तशी जोडीदाराची आणि स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीची, रुग्णाची संमती घेऊन, आहारतज्ज्ञ व समुपदेशकाबरोबर बैठक व्हावी. नंतर वजनकाट्याबरोबरच ‘घरी जेवता कधी, कोणाबरोबर, घरात कसे चालले आहे’ हे प्रत्येक भेटीत विचारले जावे, आणि त्यातला काही वेळ रुग्णाशी एकट्याने बोलावे. आरोग्यविमा अटी पूर्ण झाल्यास शस्त्रक्रियेचा खर्च देतो. पुढच्या गोळ्या आणि तपासण्यांचा खर्च बहुधा रुग्णाच्याच खिशातून जातो. ज्याला तो परवडत नाही, त्याच्यासाठी सरकारी रुग्णालयांत या गोळ्या नियमित मिळाल्या पाहिजेत. नाही तर मधुमेह कमी करून पंडुरोग पदरात टाकल्यासारखे होईल.

शस्त्रक्रियेचा निर्णय घेणाऱ्या कुटुंबाने खर्चाचा हिशेब जरूर करावा. त्याआधी एक साधे ठरवावे: उद्यापासून घरात पहिले ताट कोणाचे वाढायचे आणि त्यात आधी काय असेल. यावर घरात एकमत झाले, तर आहारतक्ता पाळणे पुष्कळ सोपे जाईल.