डाव्या हाताची दक्षिण

बेसबॉलमध्ये डावखुऱ्या खेळाडूला, त्यातही डावखुऱ्या पिचरला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, ‘साउथपॉ’ म्हणतात. ‘साउथ’ म्हणजे दक्षिण आणि ‘पॉ’ म्हणजे जनावराचा पंजा. डाव्या हाताचा दक्षिणेशी काय संबंध, असं विचारलं की एक तयार उत्तर मिळतं. मैदानांवर दिवे नव्हते तेव्हा सामने दुपारी होत. मेजर लीगचा रात्रीचा पहिला सामना १९३५ साली सिनसिनाटीत झाला. कलत्या उन्हाची तिरीप बॅटरच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून त्याचं तोंड पूर्वेकडे राहील अशी मैदानं आखत. मग त्याच्या समोरच्या पिचरचं तोंड पश्चिमेला आणि डावा हात दक्षिणेला. शिकागोचे पत्रकार फिनली पीटर डन यांनी १८८०च्या दशकात त्यावरून हा शब्द घडवला, असं सांगतात. कथेतला भूगोल चोख आहे. बॅटर उभा राहतो त्या होम प्लेटपासून पिचरच्या जागेवरून सेकंड बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येकडे असावी, असं खेळाच्या नियमपुस्तकातही सुचवलेलं आहे. तरीही ही व्युत्पत्ती टिकत नाही आणि ती सांगणं आता थांबवलं पाहिजे.

अडचण तारखांची आहे. डन जन्मले १८६७ साली. त्याआधी नऊ वर्षं, १८५८ मध्ये, न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राने बेसबॉलच्या बातमीत हा शब्द छापला होता. १८४८च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीवरच्या एका व्यंगचित्रात तो ठोशाच्या संदर्भात येतो. त्याच्याही मागे, १८१३ साली, फिलाडेल्फियातल्या छापील मजकुरात तो सापडतो. तेव्हा आजच्या रूपातला बेसबॉलच नव्हता, मग बॅटरला ऊन लागू नये म्हणून आखलेलं मैदान कुठून असणार? बाप जन्मण्याआधीच लेकरू रांगताना दिसावं, तशी ही गत आहे.

मराठी माणसाला ही कथा चटकन पटते, आणि त्याला कारण आहे. आपल्याकडे दिशा आणि हात यांची गाठ खरोखरच अशी बसलेली आहे. ‘दक्षिण’ म्हणजे उजवा. देवाला उजव्या हाताला ठेवून फिरायचं, म्हणून ती प्रदक्षिणा. उगवतीकडे तोंड करून उभं राहिलं की उजवा हात जिकडे, ती दक्षिण दिशा. म्हणजे बॅटर उभा राहतो तसंच आपण उभे राहतो. फक्त तिथे दक्षिण समोरच्या पिचरच्या डाव्या हाताला पडते, इथे आपल्या उजव्या. मग एक व्युत्पत्ती मानायची आणि दुसरी झिडकारायची, हा दुजाभाव नाही का? नाही, कारण ‘दक्षिण’ एकटा उभा नाही. ‘पूर्व’ म्हणजे समोरचा, आधीचा. ‘पश्चिम’ म्हणजे मागचा, म्हणूनच मागाहून सुचणारी ती पश्चिमबुद्धी. शब्दांची सगळी घडीच पूर्वाभिमुख माणसाभोवती बसली आहे. शिवाय अवेस्तातला ‘दशिन’ आणि लॅटिनमधला ‘डेक्स्टर’ हे ‘दक्षिण’चे सगोत्र शब्द उजवा हा अर्थ सांगतात. अरबीतही उजव्या बाजूचा ‘यमीन’ आणि दक्षिणेचा यमन (येमेन) एकाच धातूचे. इतके साक्षीदार एकमेकांना दुजोरा देतात. ‘साउथपॉ’च्या मैदानी कथेला असा एकही साक्षीदार नाही, आहे तो फक्त नेमका बसणारा नकाशा. आपल्या ‘डावखुरा’मध्येही खूर ऐकू येतो आणि तो त्या पंजाशेजारी ठेवायचा मोह होतो. पण नुसत्या कानाला पटलं म्हणून तेवढ्यावर दोघांची सोयरीक जुळवणं चूकच.

कुणी म्हणेल, शब्द जुना असेना का, शिकागोत तो मैदान पाहून पुन्हा स्वतंत्रपणे सुचला असेल. शक्यता नाकारता येत नाही, पण जो शब्द कित्येक दशकं छापला जात होता, तोही याच खेळाच्या बातम्यांतून, तो एका पत्रकाराला ऐकीव नव्हता हे दाखवण्याची जबाबदारी कथा सांगणाऱ्यावर पडते. या शब्दाचा प्रसार बेसबॉलने केला, हे मात्र मोकळेपणाने मान्य करायला हवं. आणखी एक आक्षेप असा, की एवढ्याशा गोष्टीने कुणाचं काय बिघडतं? माझ्या मते बरंच बिघडतं. नाव नसलेल्या माणसांनी बोलता बोलता रुळवलेला शब्द एका नामवंताच्या खात्यावर जमा होतो, हा त्या बोलणाऱ्यांवर अन्याय आहे. आणि ज्यांनी १८१३ मध्ये डाव्या हाताला दक्षिणेचा पंजा म्हटलं, त्यांच्या मनात नेमकी कुठली दक्षिण होती, हा खरा प्रश्न मैदानाची कथा ऐकून समाधान पावलेला माणूस कधी विचारतच नाही.