साठ हजारांची रोमान्श, तीस लाखांची गोंडी

स्वित्झर्लंडच्या नोटेवर राष्ट्रीय बँकेचं नाव चार भाषांत छापतात: जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श. ही रोमान्श बोलणारे जेमतेम साठ हजार, तेही मुख्यतः ग्राउब्युन्डन या डोंगराळ प्रांतातले. तरीही १९३८ साली जनमत घेऊन त्या देशाने तिला राष्ट्रीय भाषेचा मान दिला.

आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत गोंडी भाषकांची संख्या जवळपास तीस लाख भरली. चांद्यावर, म्हणजे आजच्या चंद्रपूरवर, गोंड राजांनी राज्य केलं, त्यांचा परकोट आजही शहराभोवती उभा आहे. पण त्यांची भाषा आठव्या अनुसूचीत नाही, नोटेवरही नाही. मला याची चीड येते.

नोटेचं एक वेळ सोडा, पहिलीचा वर्ग बघा. घरी ‘येर’ मागणाऱ्या लेकराला फळ्यावर ‘पाणी’ दिसतं. गुरुजींना त्याचं बोलणं कळत नाही, त्याला गुरुजींचं. ते गप्प बसतं आणि आपण त्याला ‘कच्चं’ म्हणून मोकळे होतो. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी, असं राज्यघटनेचं कलम ३५०-अ १९५६ पासून सांगतं आहे. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच गोंडी शाळा काढली, तर शिक्षण खात्याने तिला बेकायदा ठरवून दंडाची नोटीस धाडली. ग्रामसभेला न्याय मागायला उच्च न्यायालयाचं दार ठोठवावं लागलं. सरकारचं काम गावाने केलं, त्याबद्दल ही शिक्षा!

गोंडी एकसारखी नाही, मग कोणती शिकवणार, असा प्रश्न हटकून येतो. रोमान्शच्याही पाच लिखित बोली आहेत. १९८२ मध्ये त्यांच्यासाठी एक प्रमाण लेखनरूप तयार झालं. पुढे शाळेची पुस्तकं फक्त त्याच रूपात छापायचं ठरलं, तेव्हा पालक बिथरले आणि २०११ मध्ये प्रांताला माघार घ्यावी लागली. आपल्याकडे २०१८ मध्ये गोंडीचा मानक शब्दकोश आला, तो मोठ्यांच्या व्यवहाराला हवाच. पण भामरागडच्या लेकराचं पहिलं पुस्तक तिथल्या माडिया बोलीतच असलं पाहिजे आणि कोरचीच्या लेकराचं तिथल्या गोंडीत.

त्यासाठी घटनादुरुस्तीची वाट बघायची गरज नाही. एटापल्ली-भामरागडच्या शिक्षकभरतीत माडिया बोलता येणाऱ्या उमेदवाराला आधी घ्या, आणि मोहगावच्या शाळेला मान्यता द्या.