ऑक्टेनचा आंकडा व खरें माप

सध्यां आमच्या कळवण गांवांत दोन माणसें आपापल्या मोटारसायकली घेऊन एकत्र आलीं कीं पेट्रोलाची गोष्ट निघतेच. एक म्हणतो, "इथेनॉल मिसळूं लागल्यापासून गाडी पूर्वीइतकी धांवत नाहीं." दुसरा म्हणतो, "छे! ऑक्टेन वाढलें आहे. गाडी उलट जोरांत चालली पाहिजे." आमच्या मतें दोघांचेंही म्हणणें अर्धेंच खरें आहे, आणि अर्ध्या सत्यावर समाधान मानणें विद्यार्थ्यांस शोभत नाहीं.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलाचें बळ, ही समजूत प्रथम टाकून द्यावी. इंजिनाच्या सिलिंडरांत हवा व पेट्रोलाची वाफ दट्ट्यानें दाबली जाते व मग ठिणगीनें पेटविली जाते. तो दाब सोसला नाहीं, तर मिश्रणाचा कांहीं भाग ज्योत पोंचण्यापूर्वीं आपोआप पेटतो, इंजिनांतून ठकठक आवाज येतो व दट्ट्यास इजा होते. हा दाब इंधन कितपत सोसतें, त्याचें माप म्हणजे ऑक्टेन. आयसो-ऑक्टेन या द्रवास १०० व नॉर्मल हेप्टेनास ० धरून हें माप बसविलें आहे. पूर्वी ही सहनशीलता वाढविण्यासाठीं पेट्रोलांत शिशाचें संयुग घालीत. तें विषारी असल्यामुळें आपल्या देशांत २००० सालीं बंद झालें.

इथेनॉलाच्या अंगीं हा गुण स्वभावतःच आहे. साध्या पेट्रोलाचें ऑक्टेन ९१, तर २० टक्के इथेनॉल घातलेल्याचें ९५ धरतात. परंतु एक लिटर इथेनॉल जळून मिळणारी उष्णता तितक्याच पेट्रोलाच्या सुमारें दोन-तृतीयांश असते. जें इंजिन या मिश्रणासाठीं जुळविलें आहे, तें अधिक दाब सोसून ही तूट बरीचशी भरून काढतें. जुन्या इंजिनाच्या वांट्यास मात्र तूटच येते. नीति आयोगाच्या २०२१ च्या अहवालांत, निव्वळ पेट्रोलासाठीं घडविलेल्या व पुढें १० टक्क्यांस जुळविलेल्या चारचाकींत ६ ते ७ टक्के, तशाच दुचाकींत ३ ते ४ टक्के, आणि २० टक्क्यांस जुळविलेल्या चारचाकींत १ ते २ टक्के तूट धरली आहे.

या प्रयोगाचें आमच्या जिल्ह्याशीं नातें जुनें आहे. २००१ सालीं ज्या मोजक्या ठिकाणीं इथेनॉल-मिश्रणाची चांचणी झाली, त्यांत मनमाड होतें. २००३ मध्यें ९ राज्यांत ५ टक्के मिश्रणास आरंभ झाला, २०२२ मध्यें देशानें १० टक्के व २०२५ मध्यें २० टक्क्यांचा टप्पा गांठला. गिरणाकांठच्या उसास व आमच्या तालुक्यांतील मक्यास त्यामुळें आणखी एक गिऱ्हाईक मिळालें, आणि परदेशी तेलाचा कांहीं खर्च वांचला, हें आम्ही आनंदानें मान्य करितों. परंतु मका पिकविणाऱ्या त्याच शेतकऱ्याच्या दारीं एक जुनी दुचाकीही उभी असते. त्याच्या पिकाचा लाभ मोठ्यानें सांगावा व दुचाकीची तूट झांकून ठेवावी, हें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं.

म्हणून आमचें मागणें एवढेंच कीं, प्रत्येक पंपावर मिश्रणाचें प्रमाण ठळक अक्षरांत लिहावें, येणारी तूट उघड सांगावी, आणि जुनीं वाहनें आहेत तोंवर त्यांच्यासाठीं कमी मिश्रणाचें पेट्रोलही मिळावें. धान्य मोजणाऱ्याचा शेर खरा असावा असें आपण मानीत आलों. इंधन विकणाऱ्यासही तोच नियम लागू असावा.

पालकांनीं इतकें ध्यानांत ठेवावें कीं, इथेनॉल पाणी शोषून घेतें. तेव्हां पावसाळ्यांत गाडीची टांकी फार दिवस रिकामी ठेवूं नये, व जुन्या रबरी नळ्या तपासून घ्याव्या. विद्यार्थ्यांनीं घरच्या गाडीची टांकी भरल्या दिवशीं किलोमीटरचा आंकडा लिहून ठेवावा, पुन्हां भरतांना किती लिटर लागलें तें पाहून भागाकार करावा, आणि हा हिशेब तीन महिने चालवावा. मग पंपावर वाद निघाला, तर वही पुढें करावी.