मृगाआधीचे कर्तव्य

रोहिणी संपत आली, जोतिबाच्या डोंगरामागे ढगांची दाटी दिसू लागली, की करवीरकरांस मृगाचे वेध लागतात. तरणा पाऊस कसा लागेल, म्हातारा किती दिवस ठाण मांडील, याची चर्चा तालमीच्या कट्ट्यापासून मार्केट यार्डापर्यंत रंगते. आषाढात नदीस नवे पाणी आले, की ते कलशांत भरून टेंबलाईच्या टेकडीवर वाजतगाजत नेण्याची आपली जुनी रीत आहे. नव्या पाण्याची पूजा करणाऱ्या या नगरीने त्या पाण्याची वाट मात्र अडवावी, ही विसंगती आम्हांस यंदा वाचकांपुढे स्पष्ट शब्दांत मांडावयाची आहे.

कोल्हापूरचे हवामान समजून घ्यावयाचे, तर जिल्ह्याचा नकाशा पुढे घ्यावा. शहरापासून अवघ्या पंचावन्न किलोमीटरांवरील गगनबावड्यास वर्षाकाठी ५,००० मिलीमीटरांहून अधिक पाऊस पडतो. शहरात तो सरासरी १,००० मिलीमीटरांच्या आसपास असतो. आणि पूर्वेस शिरोळकडे जावे, तर त्याच्याही निम्म्यावर येतो. सह्याद्री ढग अडवितो व पाऊस आपल्या माथ्यावर रिता करून घेतो. पण तो माथ्यावर राहत नाही. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या तो घेऊन प्रयाग चिखलीस येतात व तेथून पंचगंगा होऊन शहरास वळसा घालतात. पुढे उतार मंद, नदी नागमोडी. आणि नरसोबाच्या वाडीस कृष्णा आधीच भरलेली असली, तर पंचगंगेचे पाणी मागे तुंबते. म्हणूनच जेथे पाऊस सर्वांत कमी, त्या शिरोळात पूर मुक्काम ठोकून बसतो. आणि शहरात ऊन पडले, तरी राजाराम बंधाऱ्यावरील पाणी चढतच राहते.

हा क्रम पूर्वापार चालत आलेला आहे. तथापि त्याची मात्रा पालटली आहे, हे आता नाकारता येणार नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी व ४३ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांपलीकडे गेले. असा पूर पुन्हा लवकर यावयाचा नाही, असे समाधान अनेकांनी मानले. तोच जुलै २०२१ मध्ये ते ५६ फुटांपलीकडे गेले. दोन्ही वेळा पुणे-बेंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला. तापलेली हवा अधिक बाष्प धारण करते. तापमान एक अंशाने वाढले, तर हे प्रमाण सुमारे सात टक्क्यांनी वाढते, असे शास्त्र सांगते. अरबी समुद्रही तापतो आहे. चार महिन्यांचा पाऊस चार दिवसांत कोसळण्याचे प्रसंग यापुढे वाढणार, हे धरूनच नगराची आखणी केली पाहिजे.

प्रश्न आहे तो येथेच. नदीच्या दोन रेषा शासनाने आखलेल्या आहेत. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध. दोहोंच्या मध्ये ते नियंत्रित. नियम इतका सोपा, की शाळकरी मुलासही समजावा. परंतु मुरुमाचा भराव टाकून सखल जमीन उंच केली, की ती पूरक्षेत्रातून सुटली, असा एक सोयीचा समज रूढ झाला आहे. भराव पाणी नाहीसे करीत नाही; ते शेजाऱ्याच्या दारी लोटतो. २०१९ च्या पुरानंतर शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीनेही पूरक्षेत्रातील अतिक्रमणांकडे बोट दाखविले होते. बोट दिसले, पुढे भराव थांबला काय, याचे उत्तर नदीकाठी फेरी मारणाऱ्याने स्वतःच द्यावे.

अलमट्टीची उंची वाढविण्यास विरोध करणे, कर्नाटकाशी विसर्गाचा समन्वय राखण्याचा आग्रह धरणे, हे आवश्यकच आहे. पण शेजाऱ्याकडे बोट दाखविताना आपल्या अंगणातील भराव झाकता येत नाही. शहराच्या वाढीस जागा हवी, हा युक्तिवाद आम्हांस ठाऊक आहे. जागा हवीच, ती नदीच्या पात्रातून मात्र नको. आणि येथे एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. सुतारवाड्यातील अथवा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतील कुटुंब हौसेने पाण्याजवळ राहत नाही. कुंभाराने गणेशोत्सवासाठी महिनोन्‌महिने घडविलेल्या मूर्ती पाण्यात विरघळतात, तेव्हा त्याचे वर्ष बुडते. नियमाचा बडगा त्याच्यावर आणि सवलत भराव टाकणाऱ्यास, हा न्याय नव्हे.

म्हणून आमचे मागणे मोजके आहे. निळी रेषा कचेरीतील नकाशावरून उतरवून जमिनीवर दगडी खांबांनी दाखवावी, म्हणजे घर घेणाऱ्यास फसवता येणार नाही. तिच्या आतील नवा भराव तत्काळ थांबवावा व बेकायदा भराव टाकणाऱ्याच्या खर्चाने काढावा. जयंती नाल्याचे व दुधाळी नाल्याचे पात्र मृगाआधी मोकळे करावे. आणि सखल वस्त्यांतील गरिबांस त्यांच्या धंद्याजवळ, उंचावर जागा द्यावी.

विसाव्या शतकाच्या आरंभी राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरी धरणाचे काम हाती घेतले, ते पाणी अडविण्यासाठी. त्या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पातळी गाठताच कोणाची मर्जी न पाहता उघडतात. आपल्या नगररचनेच्या कारभारास एवढी निःस्पृहता आली, तरी पुष्कळ झाले. पाऊस थांबविणे कोणाच्याच हाती नाही. पाण्याची वाट सोडणे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे, आणि मृग दाराशी आला आहे.