‘मी’ची जाहिरात आणि आमची न लिहिलेली नावं

गेल्या महिन्यात एका प्रशिक्षणाला गेले होते. विषय होता ‘स्वतःचा ब्रँड घडवा’. साबण विकताना कंपन्या जे करतात तेच आपण आपल्याबाबत करायचं. आपलं काम कोणाला कळायला हवं ते ठरवायचं, ते एका वाक्यात मांडायचं, माध्यम निवडायचं आणि तेच पुन्हा पुन्हा सांगत राहायचं. ऐकून मला रागच आला. बाईला वस्तू करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध आपण मोर्चे काढले, पोस्टरांना काळं फासलं. आता बाईनं स्वतःच स्वतःची जाहिरात करायची?

ही कल्पना जुनीच आहे. टॉम पीटर्स या अमेरिकन लेखकानं १९९७ साली ‘फास्ट कंपनी’ मासिकात मांडलं होतं की प्रत्येकजण ‘मी’ नावाच्या कंपनीचा प्रमुख असतो. ऐकायला छान वाटतं. पण यात नोकरीच्या हमीची जबाबदारी मालकाकडून निघते आणि कामगाराच्या डोक्यावर बसते. कंत्राटावरच्या बाईला काम मिळालं नाही तर दोष कंत्राट पद्धतीचा नाही, तिच्या ‘ब्रँड’चा! शिवाय ब्रँड लोकांना आवडावा लागतो. समान वेतन मागणारी किंवा २०१३च्या कायद्याखाली लैंगिक छळाची तक्रार करणारी बाई कोणत्या मालकाला आवडते?

पण घरी आल्यावर हा राग माझ्याकडेच वळला. आमच्या गटात अठरा वर्षं काम केलेली एक मैत्रीण नुकतीच नोकरीसाठी अर्ज करत होती. अनुभवाच्या रकान्यात तिनं लिहिलं होतं, ‘समाजकार्याची आवड’. शेकडो बायकांबरोबर ती पोलीस ठाण्यात जाऊन बसली. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५चा कायदा तिनं वस्तीवस्तीत समजावून सांगितला. आमच्या अहवालांत मात्र ‘संघटनेने केले’ एवढंच. पत्रकार परिषदेत बोलणाऱ्या, इंग्रजी येणाऱ्या आम्हा चौघींची नावं तेवढी सगळीकडे. ‘आपण, आपण’ म्हणताना आम्ही तिला पुसूनच टाकलं होतं.

म्हणजे प्रश्न नाव गाजण्याचा नाही, ते कोणाच्या मालकीचं याचा आहे. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. ‘लिज्जत’ हे नाव पुढे घरोघरी पोचलं, पण ते कोणा एकीचं झालं नाही. काम करणाऱ्या सभासद बायकाच त्याच्या मालकीण राहिल्या.

तेव्हा बाजाराचं हत्यार घ्यावं, बाजाराचं तत्त्वज्ञान घेऊ नये असं मला वाटतं. अहवालात काम करणारीचं नाव, तिची हरकत नसेल तर, लिहावं. दरवर्षी प्रत्येकीला तिच्या कामाचं पत्र द्यावं. व्यासपीठावर पाळीपाळीनं बसावं. आणि ‘मी हे केलं’ असं न लाजता सांगायचा सराव बैठकीतच करावा.

त्या मैत्रिणीचा अर्ज आम्ही दोघींनी बसून पुन्हा लिहिला. दोन पानं भरली. वाचून ती म्हणाली, “अगं, हे सगळं मीच केलं का?”

तिला हा प्रश्न पडला, याला जबाबदार आम्हीच. तुमच्या गटात काय होतं? मैत्रिणींनो, जरूर लिहा, आणि खाली स्वतःचं नाव घाला.