रांगेतल्या क्रमांकाला नाव म्हणू नये

‘चिन्ह यादृच्छिकच असते, मग डिस्कला एसडीए म्हटले काय नि एसडीबी म्हटले काय?’ हा युक्तिवाद एका सुविद्य मित्राने सोस्यूरच्या नावावर खपवला, म्हणून हा लेखनप्रपंच. चिन्ह यादृच्छिक असते हे खरेच. पण एकदा रूढ झालेले चिन्ह कोणा एकाला मनास येईल तसे बदलता येत नाही, हेही सोस्यूरच सांगतो. यादृच्छिक म्हणजे अस्थिर नव्हे.

युनिक्समध्ये बहुतेक उपकरणे फाइलच्या रूपाने ‘डेव्ह’ या निर्देशिकेत नांदतात. कल्पना देखणी आहे. प्रश्न नामकरणाचा आहे. सोलॅरिसचे ‘सी०टी०डी०एस०’ हे नाव उच्चारायला ओबडधोबड, पण त्यातून नियंत्रक, टार्गेट, डिस्क आणि स्लाइस यांचा पत्ता कळतो. लिनक्समधील जुन्या आयडीई डिस्कांची नावेही जागेवरून ठरत. दुसऱ्या केबलवरची मुख्य डिस्क ‘एचडीसी’च, मग ‘एचडीबी’ असो वा नसो. ‘एसडी’ मालिकेत मात्र जी आधी सापडली ती ‘ए’. २००७च्या सुमारास आयडीई डिस्कांनाही याच मालिकेत कोंबण्यात आले, आणि उरलासुरला पत्ताही पुसला गेला.

आमच्या वर्गात जो आधी येईल त्याला एक नंबर असा रोज नवा हजेरीक्रमांक दिला आणि गुण मात्र त्या क्रमांकावर नोंदवले, तर पालक प्राचार्यांच्या दालनात धडकतील. संगणकात आपण हेच निमूटपणे सोसतो.

आणि किंमत मोजतो. आमच्या विभागातील जात्यावरच्या ओव्यांची ध्वनिमुद्रणे अशीच गेली. टिपणावर ‘एसडीबी’ लिहिले होते. संगणक पुन्हा सुरू केल्यावर पेनड्राइव्हचे नाव बाह्य डिस्कला मिळाले होते. ‘डीडी’ ही आज्ञा ‘खात्री आहे का?’ असे विचारत नाही. तिने मुकाट्याने लिहिले. त्या आवाजांतल्या काही बायका आज हयात नाहीत.

‘यूयूआयडी वापरा’ हे उत्तर अर्धेच आहे. छत्तीस चिन्हांची ती माळ स्थिर खरी, पण जिभेवर न बसणारे नाव यंत्रासाठी असते, माणसासाठी नव्हे. शिवाय डिस्कची हुबेहूब प्रत काढली की यूयूआयडीचीही प्रत निघते.

खरे उत्तर त्याच ‘डेव्ह’मध्ये, ‘डिस्क’ या उपनिर्देशिकेत आहे. तिथल्या ‘बाय-आयडी’त सहसा डिस्कचे मॉडेल आणि अनुक्रमांक दिसतात, ‘बाय-लेबल’मध्ये आपण ठेवलेले नाव दिसते. सोय आहे, ती आधी शिकवण्याची दानत नाही. नवशिक्याच्या पहिल्या धड्यात आजही ‘एसडीए’च असते. ज्यांनी हे धडे लिहिले त्यांनी कधी काही गमावले नसावे, किंवा गमावले ते कोणत्या नावाचे होते हे त्यांना कळले नसावे.